वडिलांच्या कोटातली काडतुसे

माझे वडील गेले, त्यानंतर घरात उरलेल्या वस्तूंमध्ये एक बारा बोअरची दुनळी बंदूक होती. परवाना त्यांच्या नावावर होता. माणूस गेला की त्याचा परवाना संपतो आणि वारसांनी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा बंदुकीच्या दुकानात जमा करायची असते, एवढे मला ठाऊक होते. मला ती ठेवायची नव्हती आणि विकायचीही नव्हती. मी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या फ्लॅटमध्ये रानडुक्कर शिरण्याची शक्यता नाही.

वडील मार्केट यार्डात एका आडत्याकडे नोकरीला होते आणि लोणी काळभोरला आमची थोडी जमीन होती. उसात डुकरे घुसत, म्हणून पिकाच्या रक्षणासाठी त्यांनी परवाना काढला होता. पुढे जमीन विकली गेली, आता तिथे इमारती आहेत, पण परवान्याचे नूतनीकरण त्यांनी कधी चुकवले नाही. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. "निघाली माहेरी," असे आई म्हणायची. निकाल लागला की वडील रिक्षाने जात आणि सतरंजीत गुंडाळून तिला परत आणत. खंडेनवमीला तिला तेलाने पुसून झेंडूचे फूल वाहत. त्यांनी ती कधी उडवली होती का, हे मी त्यांना विचारले नाही. आई गेल्यावर ते फारसे बोलत नसत. मीही आपणहून विषय काढत नसे.

मला कबुलीची हौस आहे असे बायको म्हणते, आणि ती अगदीच चुकीचे बोलत नाही. एकदा माझी पिशवी घासून शेजाऱ्याच्या स्कूटरवर ओरखडा उठला असे मला वाटले. मी वर जाऊन त्याला सांगितले. "अहो, तो जुना ओरखडा आहे," तो म्हणाला. तरी मला पटले नाही. पुढे तो मला जिन्यात टाळू लागला.

वडिलांचे कपडे काढायची घाई माझीच होती. शेवटच्या आजारात मी दोनदा त्यांच्यावर ओरडलो होतो आणि दोन्ही वेळा ते त्यांच्या कपाटाला टेकून उभे होते. मला ते कपाट रिकामे हवे होते. रिकामे झाले की काय होणार होते, ते मला सांगता आले नसते.

आमच्या इमारतीत वर्षानुवर्षे एक बोहारीण येते, म्हणजे यायची. जुने कपडे घ्यायची, त्या बदल्यात भांडी द्यायची. त्या दिवशी तिने आमच्या दारासमोर जिन्यात गाठोडे सोडले आणि बायकोने वडिलांचे शर्ट, पँटी आणि एक स्वेटर तिच्यापुढे ठेवला. तिने एकेक शर्ट उजेडाकडे धरून काखेत विरलाय का ते पाहिले.

"एवढ्यात हा डबा नाही बसत, वहिनी. हे पातेलं घ्या."

"पातेली आहेत माझ्याकडे. दुकान काढायचं नाही मला."

"मग अजून एक पँट टाका."

"अगं, माणूस काय नुसत्या पँटीच घालतो का?"

"आजोबांचे ना हे? कुठायत आजोबा? दिसले नाहीत."

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "लोणीला असतात आता."

हे वाक्य तोंडातून कसे गेले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. गेले म्हटले असते तर ती हळहळली असती, कधी, कसे, विचारले असते, आणि मला तिथे उभे राहावे लागले असते. सौदा लांबतच होता. तो संपावा म्हणून मी आत गेलो, दारामागच्या खुंटीवरचा त्यांचा खाकी कोट काढला आणि गाठोड्यावर आणून टाकला. शेतावर राखणीला जाताना ते तो घालत. कोट जड होता. मला वाटले, कापडच तसले आहे.

"हां. आता डबा तुमचा," बोहारीण म्हणाली.

दोन-चार दिवसांनी मी ठाण्यात फोन केला. फोनवरचा फौजदार सरळ आणि थोडा कंटाळलेला वाटला.

"आधी रिकामी आहे का बघा. सुटी करून कव्हरात घालून आणा. काडतुसं वेगळ्या पिशवीत. घरात असतील तेवढी सगळी, जुनी, फुगलेली, कसलीही. आणि स्वतः हुशारी करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे एकानं बादलीत भिजत घातली होती. एकानं गणपतीबरोबर नदीत सोडली. ते आमचं काम आहे, आम्हाला करू द्या. परवाना आणि मृत्यूचा दाखला आणा येताना."

मी सतरंजी उलगडली. बंदूक रिकामी आहे हे कसे पाहायचे, ते मला माहीत नव्हते. घरात बंदूक असलेल्या माणसाला हे माहीत नसावे, याचेही मला वाईट वाटले. लोणीला वडिलांचे एक मित्र आहेत, आमच्या बांधाला लागून त्यांचे शेत होते आणि दोघे राखणीला बरोबर जात. त्यांना फोन लावला.

"दस्त्याच्या वर खटका हाय, त्यो बाजूला सार. नळी खाली लवंल. आता आत बघ. उजेड दिसतुया का आरपार?"

"दोन्हींतून दिसतो."

"मंग रिकामी हाय. तरीबी तोंड भिंतीकडं ठेव. बायकूकडं करू नगंस, ह्या वयात दुसरी मिळायची न्हाई तुला." ते स्वतःच्याच बोलण्यावर बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आन् कोटातली काढलीस का?"

"कुठल्या कोटातली?"

"आरं, त्याच्या खाकी कोटातली. आतून अस्तराला खिसा शिवून घेतला हुता त्यानं, बटनाचा. बंदूक रिकामी आन् दोन काडतुसं अंगावर, आशी सवय त्याला. शेत इकलं त्या दिशी कोट टांगला आसंल तसाच."

मी बंदूक सतरंजीवर ठेवली. बायको दारात उभी होती. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे तिने सगळे ऐकले होते.

मी लगेच ठाण्याचा नंबर शोधू लागलो.

"काय सांगणार आहात?" तिने विचारले.

"झालं ते. कोट बोहारणीला दिला, त्यात काडतुसं गेली."

"आणि मग पोलीस कुठे जातील?"

मी थांबलो.

"आपल्याकडे आले तर खुर्चीत बसतील, सर म्हणतील," ती म्हणाली. "तिच्या घरी जीप जाईल. बिनपरवान्याची काडतुसं सापडली, एवढंच होईल तिथे. कशी आली ते मग सावकाश विचारतील. तोवर ती कुठे असेल?"

"पण कायद्यानं आधी कळवायला हवं."

"कळवा ना. तुम्ही कळवल्याशिवाय राहणार आहात का? पण आधी तिला गाठा. तिला माहीत तरी आहे का, काय नेलंय ते?"

हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. मी कायद्याचा विचार करत होतो आणि त्या कोटावर कुणीतरी इस्त्री फिरवत असेल, खिशात लहान मुलाचा हात जात असेल, हे मला बायकोने सांगितल्यावर दिसले.

तिचा पत्ता आमच्याकडे नव्हता. फोन नंबर नव्हता. इतकी वर्षे ती आमच्या जिन्यात बसत होती, पण तिचे नाव आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. तळमजल्यावर एक निवृत्त बाई राहतात, बँकेत होत्या. त्या तिच्याशी तासन्‌तास घासाघीस करतात, म्हणून त्यांच्याकडे गेलो.

"नंबर कशाला हवाय?"

"दिलेल्या कोटात एक वस्तू राहिली."

"कसली वस्तू?"

बायकोने माझी बाही ओढली. तोवर मी सांगून मोकळा झालो होतो.

बाईंनी चष्मा काढला. "तुमच्याकडे बंदूक होती?"

"वडिलांची."

"आणि मी तुमच्याशी पार्किंगवरून भांडत आले एवढी वर्षं. कुणी सांगायचं तरी." त्यांनी फोनमध्ये नंबर शोधला. तो 'भांडी' या नावाखाली होता.

फोन बायकोने केला. "अगं, तो खाकी कोट विकलास का?"

"डबा परत नाही मिळायचा हां, वहिनी."

"डबा राहू दे. त्या कोटाच्या खिशात..."

मग बोहारीण हळू आवाजात म्हणाली, "फोनवर नको. दादांना पाठवा. एकट्यांना."

ती येरवड्याला राहत होती. सांगितल्याप्रमाणे मी पिठाच्या गिरणीपाशी स्कूटर लावली. ती तिथेच उभी होती. मला बघताच पुढे चालू लागली. तिच्या घराबाहेर टब होता, दोरीवर रांगेने शर्ट वाळत होते, आणि त्यातले दोन मी ओळखले. आत कपड्यांचे ढीग होते: विकायचे वेगळे, शिवून घ्यायचे वेगळे, गॅरेजला फडकी म्हणून जाणारे वेगळे. तिचा नवरा मशीनवर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मशीन चालवू लागला.

"टबात भिजवला कोट," ती म्हणाली. "घासायला घेतला तर आत कडक लागलं. मला वाटलं बॅटरीचे सेल. ह्यांनी बघितलं आणि हातच लावेनात. म्हणाले नाल्यात टाक. नाल्यात पोरं चेंडू काढायला उतरतात."

"पोलिसांत..." मी म्हणालो.

"मी? मी काडतूस घेऊन चौकीत जाऊ?" ती हसली नाही. "शेजारणीला नेलं होतं, नव्या भांड्यांची पावती नाही म्हणून. संध्याकाळपर्यंत बसवलं बाकावर. ती तर भांडीच होती, दादा."

तिने माळ्यावरून एक झाकणाचे भांडे काढले. त्याला साडीची पट्टी गुंडाळून गाठी मारल्या होत्या. त्या सोडवायला वेळ लागला. "तुमच्याकडंच परत आणणार होते फेरीला. पण वाटेत कुणी गाठोडं उघडायला लावलं तर, म्हणून पाय निघेना. डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या."

आत दोन काडतुसे होती. पुठ्ठा पाणी पिऊन फुगला होता आणि पितळेच्या बुडावर साबणाचा पांढरा थर बसला होता.

"आजोबा लोणीला असतात म्हणालात," ती म्हणाली.

"गेले ते."

"कळलं मला. असली वस्तू ज्याची, तो विसरून देत नाही. खिसा उघडला तेव्हाच कळलं." तिने भांडे माझ्याकडे सरकवले. "मेलेल्या माणसाचे कपडे काहीजणी घेतात. मी नाही घेत. म्हणून तर विचारते. कुणाचे ते विचारते, कुठायत ते विचारते."

मी माफी मागितली. जरा जास्तच मागितली असावी, कारण तिच्या नवऱ्याने मशीन थांबवले.

"माफी असू द्या," ती म्हणाली. "हे घेऊन जा. आणि माझं नाव कुठं यायला नको. घर चालतं ह्याच्यावर. एकदा चौकीत नाव गेलं की कुठली सोसायटी आत घेत नाही."

"येणार नाही," मी म्हणालो. तिचे नाव मला ठाऊकच नव्हते आणि त्या वेळी विचारणे बरे दिसले नसते.

घरी पोचल्यावर फौजदाराला फोन करून विचारले की दोन काडतुसे भिजलेली आहेत, काय करू. "वाळवू नका, उघडू नका, आहेत तशी आणा," तो म्हणाला. मी बंदूक सुटी केली, नळ्या एकीकडे, दस्ता एकीकडे, आणि कव्हरात घातली. बंदुकीबरोबर वडिलांनी एका खोक्यात ठेवलेली काडतुसे एका पिशवीत घेतली, भिजलेली दोन दुसऱ्या पिशवीत. रिक्षात बसल्यावर मनात वाक्ये जुळवत राहिलो. ठरवले की खोटे बोलायचे नाही. काडतुसे वडिलांच्या कोटात होती, हे खरे आहे. मला ती उशिरा कळली, हेही खरे आहे. एवढ्यात भागेल, असे मला वाटले.

ठाण्यात फौजदाराने परवान्यावरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. नळीतून खिडकीकडे पाहिले. "निगा राखली होती वडिलांनी," तो म्हणाला. एका हवालदाराने काडतुसे टेबलावर मांडली. खोक्यातली कोरडी होती, धुळीने माखलेली. दुसऱ्या पिशवीतली दोन त्याने वेगळी ठेवली.

"हीच का ती ओली? भिजली कशी?" फौजदार म्हणाला.

"वडिलांच्या कोटात राहिली होती. कोट धुतला गेला."

"धुतला गेला म्हणजे? आपला आपण?"

हवालदार हसला.

"कोणी धुतला?" फौजदाराने विचारले. त्याच्या आवाजात संशय नव्हता. त्याला कागदावर लिहायचे होते, एवढेच.

रिक्षात मी हा प्रश्न धरलाच नव्हता. खरे उत्तर माझ्या जिभेवर होते. ते तिथे नेहमीच असते, त्यासाठी मला काही करावे लागत नाही. ते दिले असते तर मला हलके वाटले असते आणि टेबलाच्या पलीकडे एक नवा कागद सुरू झाला असता. बायकोचे नाव घेणे शक्य होते, पण मग तिला बोलावले असते.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही धुतला."

"हो."

"खिसे न बघता?"

"हो."

"आता कुठाय कोट?"

"देऊन टाकला. नंतर."

फौजदाराने पेन खाली ठेवले. "सर, शाळेत पोरांची दप्तरं तपासत असाल ना? आणि वडिलांचा खिसा नाही बघितलात?"

"नाही बघितला," मी म्हणालो.

त्याने जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. 'सदर कोट मी स्वतः धुतला असता' असे त्यात होते. आम्हा दोघांनाही त्या वाक्यात काही वावगे वाटले नाही, असा चेहरा ठेवून मी सही केली. मग त्याने विचारले, बंदूक माझ्या नावावर करून घ्यायची का, दुकानात विकायची का, की सरकारजमा करायची.

"सरकारजमा."

"पुढे हुकूम झाला की कापून मोडीत काढतात. मागाहून वडिलांची आठवण वगैरे आली तर मिळणार नाही."

"चालेल."

"काडतुसं बाँबशोधक पथक नेईल. ती दोन आधी." त्याने पोच दिली. हवालदार बंदूक मुद्देमालाच्या खोलीकडे घेऊन गेला. तिथे कोपऱ्यात आणखी तशाच काही कव्हरात उभ्या होत्या. मी दारातून पाहिले आणि बाहेर आलो.

मला वाटत होते की बाहेर आल्यावर काहीतरी वाटेल. खोटा जबाब देऊन आलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी न केलेली चूक स्वतःच्या नावावर लिहून दिली होती. पण फाटकाबाहेर उसाचा रस प्यायलो तेव्हा मला फक्त भूक लागल्याचे जाणवले. मग बोहारणीला फोन केला.

"झालं. जमा केलं सगळं. तुमचा विषय निघाला नाही."

"विचारलं नाही काही?"

"विचारलं. ओली कशी झाली म्हणाले. मी म्हटलं, कोट मी धुतला."

मग ती हसली, मोठ्याने, आणि तिकडे कुणाला तरी म्हणाली, "ऐकलं का, दादा म्हणतायत मीच धुतला." नवऱ्याचेही हसणे ऐकू आले. "मानलं त्यांनी?"

"लिहून घेतलं."

"मग सुटलो."

तिने खरोखरच मोठा श्वास सोडला. मला बरे वाटले. त्याच भरात मी म्हणालो की बायकोने काही साड्या बाजूला ठेवल्या आहेत, तिच्या स्वतःच्याच आहेत, पुढच्या फेरीला या.

"तुमच्या बिल्डिंगीत नाही येणार आता, दादा."

"का? मिटलं की सगळं."

"राग नाही. पण तुमच्या खालच्या बाईंनी मघाशी फोन केला होता. सापडलं का विचारत होत्या. नावानिशी विचारलं, काडतुसं म्हणून. त्यांना कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणालो. तासाभरात दुसऱ्यांदा तोच शब्द.

"बघा," ती म्हणाली. "त्या बोलायच्या नाहीत म्हणा. पण कधी कुणाचं काही हरवलं, तर पहिलं माझंच आठवणार. जिच्याकडे काडतुसं निघाली ती. हो की नाही?"

"हो," मी म्हणालो.

"वहिनींना सांगा, साड्या दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी तळमजल्यावरच्या बाईंकडे गेलो आणि हे कुणाला सांगू नका, अशी विनंती केली. "मी कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगत फिरू नका म्हणजे झालं." त्या खरोखर कुणाशी बोलल्या नाहीत. बोहारीण आमच्या गल्लीत येते, पलीकडच्या दोन इमारतींत जाते, हे मला ठाऊक आहे. शाळेतून येताना एकदा तिचे गाठोडे मला फाटकाशी दिसले होते. आमच्या जिन्यात मात्र ती आली नाही. वरच्या मजल्यावरच्या बायका अधूनमधून विचारतात, ती येईनाशी का झाली, कुणाला काही ठाऊक आहे का. तळमजल्यावरच्या बाई माझ्याकडे बघतात. मी गप्प राहतो आणि खिशात किल्ली शोधत जिना चढतो.